मधली चाचणी

गिरणीत ज्वारीचा डबा ओळीला लावून विमला बाकावर टेकली तेव्हा तिच्यापुढे तीन डबे होते आणि तिन्ही गव्हाचे. "गव्हावरच टाकू का, की मागून कोणाची ज्वारी येतेय बघायची?" गिरणीवाल्याने पट्ट्याच्या आवाजातून ओरडून विचारलं. "थांबते मी," ती म्हणाली. जानेवारीतला शनिवार होता, सकाळचे दहा, मुलुंडला अजून सावलीत बरं वाटावं असं ऊन. गिरणीतलं सगळं, वजनकाटा, भिंतीवरचं कॅलेंडर, गिरणीवाल्याच्या भुवया, एकाच पांढऱ्या रंगाचं झालेलं होतं. मांडीवरचा फोन थरथरला. शंकाघर. अकरावी-बारावीच्या सायन्सच्या मुलांनी प्रश्न टाकायचे आणि कोणीतरी, कुठूनतरी, उत्तर द्यायचं अशी ती फोनवरची जागा. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर विमला तिथे गेली आणि आता तिथून तिला बाहेर पडता येत नव्हतं. मेसेज नीलमचा होता, गोवंडीच्या. तिने चष्मा पदराने पुसला आणि वाचला. "सर, काल प्रिलिमला सॉल्टची ज्योत लाल आली. तुमचा शॉर्टकट वापरला. मधली चाचणी सोडली, थेट ऑक्झलेट घातलं, पांढरा साका आला. कॅल्शियम लिहिलं. ते स्ट्रॉन्शियम होतं. मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं, मधली चाचणी कोणी सोडायला सांगितली? मी काही बोलले नाही. सर, माझंच काही चुकलं असेल ना?"

तिने तो दोनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना फक्त शेवटचं वाक्य वाचलं. मग उठली आणि चालू लागली. गिरणीवाला मागून काहीतरी ओरडला, पण गिरणीच्या दारात लोक नेहमीच काहीतरी ओरडतात. रस्त्यावर नारळपाण्याच्या गाडीपाशी कोणीतरी शहाळं सोलत होतं, प्रत्येक घावाला एक ओला, बोथट आवाज. स्ट्रॉन्शियम. हा शब्द तिने कितीतरी वेळा ऐकला होता, फळ्यावर पाहिला होता, जर्नलांच्या गठ्ठ्यांत वाचला होता. पण बाटली? पांढऱ्या चिठ्ठीची, काचेच्या बुचाची बाटली तिने डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. प्रयोगशाळेतल्या कपाटाचा तिसरा कप्पा, डावीकडून: बेरियम क्लोराइड, बेरियम नायट्रेट, मग एकदम कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम. मध्ये रिकामी जागासुद्धा नव्हती. चौतीस वर्षं तिने तो कप्पा पुसला होता.

नीलमशी झालेलं दोन आठवड्यांपूर्वीचं बोलणं तिने जिन्यातच उभं राहून उघडलं. मुलीने ज्योतीचा व्हिडिओ टाकला होता, आठ सेकंदांचा. त्यात ज्योत नारिंगीकडे झुकलेली. खाली तिने लिहिलं होतं, "सर, मोबाइलमध्ये असं दिसतंय. पण खरं बघितलं तेव्हा विटकरी नव्हता वाटत, कुंकवासारखा गडद होता." आणि त्याखाली विमलाचं उत्तर, तीन मिनिटांत दिलेलं: "बर्नरची हवा कमी असेल, म्हणून तसं वाटलं. लाल म्हणजे कॅल्शियमच. मधली चाचणी सोड, वेळ जातो." त्यावर नीलमचे जोडलेले हात. त्या तीन मिनिटांचं तेव्हा विमलाला कौतुक वाटलं होतं. इतर शिक्षक दिवस-दिवस लावतात, आपण तीन मिनिटांत. आता तिने व्हिडिओ पुन्हा चालवला. फोनने ज्योत आपल्या मनाप्रमाणे करून दाखवली होती, ते फोनचं कामच. पण मुलीने डोळ्यांनी पाहिलेलं शब्दांत लिहून दिलं होतं, आणि विटकरी कॅल्शियमचा, कुंकवासारखा गडद स्ट्रॉन्शियमचा, हे जर्नलांत वाचलेलं होतं. ते नीट वाचायचं सोडून तिने फोनवर विश्वास ठेवला. नाही, फोनवरही नाही. तिने व्हिडिओ पुरता पाहिलाच नव्हता. 'लाल' एवढा शब्द दिसला होता आणि हात आपोआप तिसऱ्या कप्प्याकडे गेला होता.

दार नवऱ्याने, धोंडिरामने उघडलं. बेस्टमध्ये ड्रायव्हर होता तो, रिटायर झाल्यापासून दार उघडायची त्याला फार हौस. "पीठ?"

"राहिलं."

"पीठ राहिलं ते ठीक. डबा?"

तिने मागे वळून जिन्याकडे पाहिलं. "वाट लागली," तो म्हणाला, "सर डबा विसरले." तो तिला घरात सर म्हणायचा, थट्टेने, पण सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या मंडळींना अगदी गंभीरपणे सांगायचा, 'आमची मिसेस ऑनलाइन शिकवते, महाराष्ट्रभर.' तिला ते ठाऊक होतं. चपला न काढताच ती खुर्चीत बसली. त्याने पाणी आणून दिलं आणि मग, थट्टा गिळून, "काय झालं गं?" असं विचारलं.

काय झालं ते सांगायचं तर कुठून सांगायचं. नाव भरताना रकान्यात तिने 'व्ही. डी. साळवे' लिहिलं होतं, कारण पगारपत्रकावर तसंच असायचं. पहिल्या उत्तराखाली कोणीतरी 'थँक यू सर' लिहिलं. दुरुस्त करावं म्हणून तिने बोट नेलंही होतं. पण तो शब्द तिथे उजेडात इतका व्यवस्थित बसलेला होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती मावशी. मावशी, टेस्ट ट्यूब. मावशी, बीकर फुटला. मावशी, जरा चहा. त्यात अपमान नव्हता, मुलं गोड होती. पण मावशीला कोणी 'का' असं विचारत नाही, 'कुठे आहे' एवढंच विचारतं. सर झाल्यावर मुलं 'का' विचारू लागली. विमला जुन्या जर्नलांतून, कॉलेजातल्या कॉन्सेप्टा मॅडमच्या ऐकलेल्या वाक्यांतून उत्तरं जुळवायची, लिहायची, खोडायची, पुन्हा लिहायची. दहावी झालेल्या बाईला रसायनशास्त्राचं एक वाक्य बिनचूक लिहिताना काय वाटतं ते धोंडिरामलाही तिने कधी सांगितलं नव्हतं. मग एकदा तिने लाल ज्योतीचा शॉर्टकट लिहिला. शंकाघर चालवणाऱ्या मुकुलने तो सगळ्यांत वर चिकटवून ठेवला: 'साळवे सरांचा शॉर्टकट'. चारशे बारा मुलांनी जपून ठेवलेला. आणि बोर्डाच्या प्रॅक्टिकल्स सोमवारपासून.

शॉर्टकट तिने रचलेला नव्हता, हे आता तिच्या ध्यानात येत होतं. तो त्या कपाटातून आला होता. कॉन्सेप्टा मॅडम विभागप्रमुख होत्या, मरोळ गावठाणातल्या, पांढरा कोट आणि खाली नेहमी फुलाफुलांचा फ्रॉक. दिवाळीच्या सुट्टीआधी सामानाची यादी करताना त्या मोठ्याने वाचायच्या आणि विमला कपाटापाशी उभी राहून 'आहे', 'संपलं' म्हणायची. स्ट्रॉन्शियमपाशी आल्या की पेन उचलायच्या. "हे नको गं. पोरं कॅल्शियमशी घोळ करतात, मग रडतात. काय करायचंय रडवून?" दरवर्षी. माया होती त्यात. त्यांच्यात सगळीच माया होती. परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक यायचे, अर्धा तास काटेकोर फिरायचे, आणि मग मॅडम त्यांना चहाला आत न्यायच्या. तो चहा पंचवीस मिनिटं चालायचा. तेवढ्या वेळात विमलाने बाकांमागून एक फेरी मारायची, हातात धुतलेल्या नळ्यांचा ट्रे घेऊन, आणि जिथे चेहरा पडलेला दिसेल तिथे हळूच बोलायचं: 'सात नंबर ना? झिंक.' कोणी तिला तसं कर म्हणून सांगितलं नव्हतं. चहाला जाताना मॅडम फक्त तिच्याकडे बघायच्या. सॉल्टच्या पुड्या आदल्या दिवशी तिनेच भरलेल्या, नंबर तिनेच घातलेले. मुलं म्हणायची, मावशीला नुसता वास घेऊन सॉल्ट कळतं. तिलाही हळूहळू तसंच वाटू लागलं होतं.

आणि खुर्चीत, हातात पाण्याचा पेला धरून बसलेल्या विमलाला एकाएकी असं काही दिसलं की तिने पेला खाली ठेवला. आपण आयुष्यात एकही सॉल्ट ओळखलेलं नाही. ज्योतीचे रंग पाहिले, साके पाहिले, वायूंचे वास घेतले, पण पुडीत काय आहे ते प्रत्येक वेळी आधी माहीत होतं. माहीत असलेल्या गोष्टीचा रंग बघणं आणि रंगावरून गोष्ट शोधणं, या दोहोंत किती अंतर आहे! हिरवा दिसायच्या आधीच तिच्या डोळ्यांत बेरियम असायचं. आणि तिकडे गोवंडीतल्या कुठल्या तरी कॉलेजात एक सतरा वर्षांची मुलगी खरोखरच न जाणता ज्योतीकडे बघत होती, खरोखरच काहीतरी वेगळं पाहत होती, आणि तिला आपण सांगितलं, तुझ्या बर्नरची हवा कमी आहे.

तिने धोंडिरामला सांगितलं, जमेल तसं. तो ऐकून घेत राहिला, मध्ये एकदा उठून पंखा कमी केला. "मग लिही की, चुकलं म्हणून. त्यात काय?"

"का चुकलं तेही सांगावं लागेल."

"ते कशाला? सर म्हणतात, म्हणू दे ना. कोणाचं काय जातंय?"

"नीलमचं जातंय," ती म्हणाली. "तिला वाटतंय तिचंच चुकलं."

धोंडिरामने गाल खाजवला. बागेतल्या मंडळींचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून गेले असणार. "बघ बाई," एवढंच म्हणाला आणि डबा आणायला गिरणीवर गेला.

मुकुलशी ती आजवर फक्त लिहून बोलली होती. बोरीवलीला एका खोलीतून दोन मित्रांबरोबर हे सगळं चालवणारा पंचविशीतला पोरगा. तिने नंबर लावला.

"हां, बोला. कोण?"

"मी साळवे बोलतेय. शंकाघरातून."

"सरांच्या मिसेस का? नमस्ते मॅडम. सर बरे आहेत ना?"

"सर मीच आहे."

पलीकडे कोणीतरी चिप्स खात होतं, ते थांबलं. तिने सांगितलं. शॉर्टकट चुकीचा आहे, कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम दोघांनाही ऑक्झलेटने पांढरा साका येतो, मधल्या, सल्फेटच्या चाचणीनेच ते वेगळे कळतात. आमच्या कॉलेजात स्ट्रॉन्शियम नव्हतंच, म्हणून चौतीस वर्षांत कधी चुकलं नाही. हेही सांगितलं की ती प्राध्यापक नाही.

"अच्छा," मुकुल म्हणाला. "अच्छा अच्छा. टेन्शन नाही. मी एडिट मारतो आत्ता. कोणाला पत्ता पण नाही लागणार."

"वहीत उतरवून घेतलंय रे मुलांनी. वहीत कसं एडिट मारणार?"

"ते… पॉइंट आहे. मग एक नोटीस टाकू, शॉर्टकट वापरू नये. बस. कारण नाही द्यायचं." त्याने आवाज खाली आणला. "मॅडम, यार, सॉरी, पण परवा परीक्षा आहे. आता पोरांना सांगायचं की साळवे सर म्हणजे लॅबमधल्या… म्हणजे तसं नाही…"

"लॅबमधल्या मावशी. म्हण ना. मला सवय आहे."

"तसं नाही हो. पण मग ते बाकीची उत्तरं पण नाही मानणार. तुमची दोनशे चौदा उत्तरं आहेत इथे. चांगली आहेत. मीच तुमची वाचून…" त्याने वाक्य सोडून दिलं.

नोटिशीने काय होतं ते विमलाला ठाऊक होतं. प्रयोगशाळेच्या दारावर चौतीस वर्षं नोटीस होती, 'पिपेट तोंडाने ओढू नये', आणि तिच्याखाली उभं राहून सगळे पिपेट तोंडाने ओढत होते. पण नोटीस पुरेशी नाही एवढंच कारण नव्हतं, हेही तिला कळत होतं. कारण न देता 'वापरू नका' म्हणणं म्हणजे पुन्हा बाकामागून कुजबुजणंच. मुलं तेही मानतील. सरांनी सांगितलं म्हणून सोडलं होतं, सरांनी सांगितलं म्हणून करतील, आणि ज्योतीकडे काही बघणार नाहीत. तिला भीती वाटत होती. दोन वर्षं जिथे आपल्याला 'का' विचारलं गेलं ती एकुलती एक जागा उद्या दुपारपर्यंत राहणार नाही, असं एक थंड गणित डोक्यात मांडलं जात होतं आणि ते कुठे चुकत नव्हतं. "रविवारचं लाइव्ह असतं ना तुमचं, अकराचं," ती म्हणाली, "ते मला दे. आणि नीलमला सांग, नक्की ये म्हणावं."

रविवारी धोंडिरामने फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा केला, स्वतः खिडकीचा पडदा सरकवून उजेड दिला आणि म्हणाला, "केस. डावीकडचे." मग स्वयंपाकघरात गेला, पण ओट्यावरचं काही हलवण्याचा आवाज आला नाही. स्क्रीनवर कोपऱ्यात आकडा वाढत होता. दोनशे ऐंशी, तीनशे सहा. खाली भराभर अक्षरं येत होती. 'सर कुठेत?' 'आँटी तुमचा कॅमेरा चालू राहिलाय.' 'आँटी माइक म्यूट.' तिने म्यूट काढलं. आधीपासून ठरवलेली वाक्यं कुठेतरी गेली होती. ती म्हणाली, "मी विमला साळवे. तुम्ही ज्यांना साळवे सर म्हणता ती मी. मी कॉलेजात शिकवत नव्हते. प्रयोगशाळेत परिचर होते. बाटल्या भरायचे, नळ्या धुवायचे." आणि मग शॉर्टकट, कपाट, न मागवलेली बाटली, सगळं एकामागून एक. चहाची फेरीसुद्धा. ते सांगायचं ठरलेलं नव्हतं.

अक्षरं थांबली होती, ती पुन्हा सुरू झाली. 'म्हणजे फसवलं.' 'सॉल्लिड.' 'परवा परीक्षा आणि हे आज सांगताय?' कोणीतरी त्याला 'उद्या आहे रे, परवा नाही, तू आधीच नापास' लिहिलं, त्यावर हसरे चेहरे. 'मग तुम्ही दिलेला लेडचा नियम पण खोटा का?' आकडा दोनशे सत्तर झाला, दोनशे चाळीस, एकशे नव्वद. तिला तो बघायचा नव्हता आणि डोळे तिथेच जात होते. "लेडचं खरं असेल," ती म्हणाली, "शिसं आमच्याकडे होतं. पण आता मी सांगतेय म्हणून मानू नका. उद्या जे समोर येईल त्याच्या क्रमाने सगळ्या चाचण्या करा. एकही सोडू नका."

मग एका चौकोनात हात वर झाला. नीलम. मुकुलने तिचा माइक उघडला तसा मागून टँकरचा हॉर्न आणि हंड्यांचा आवाज आत शिरला. आवाज विमलाला वाटला होता त्यापेक्षा जाड होता, जरासा रागीट. "मी त्या दिवशी बर्नरची हवा चार वेळा ॲडजस्ट केली," ती म्हणाली. "चारही वेळा तसाच दिसला. मग मला वाटलं माझे डोळेच तसले आहेत. आईला म्हटलं, चष्मा लागला असेल, चेक करू."

"तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही," विमला म्हणाली. "तू बरोबर बघितलंस. चूक माझी. तुझ्या मॅडमनी विचारलं ना, कोणी सोडायला सांगितली? त्यांना माझं नाव सांग."

"नाही सांगणार," नीलम म्हणाली. "वापरलं मी ना." तिने वही उघडल्याचा आवाज आला. "मी काल बसून बघितलं सगळं. सल्फेट घातल्यावर स्ट्रॉन्शियमला साका येतो, कॅल्शियमला नाही. तेवढंच लक्षात ठेवलं की घोळ होणारच नाही. शॉर्टकट लागतच नाही." आता तिचा आवाज कोणाला उद्देशून नव्हता, ती सगळ्यांनाच सांगत होती, आणि खाली लगेच कोणीतरी लिहिलं, 'बेरियमला पण येतो सल्फेटने, आधी तो काढ.' 'हो रे, तो क्रोमेटला आधीच जातो ना.' 'आमच्या मॅडम उलट क्रमाने सांगतात.' 'तुझ्या मॅडम चुकल्या.' 'तू चुकलास.' अक्षरं वर सरकत होती आणि त्यांत विमलाचं नाव कुठेच नव्हतं. आकडा एकशे एकाहत्तरवर येऊन स्थिर झाला होता.

ती वाचत राहिली. एका वाक्यापाशी तिचे डोळे अडले, तेच, नीलमचं: स्ट्रॉन्शियमला येतो, कॅल्शियमला नाही. ते वाक्य तिला पाठ होतं. पण दोन सारखेच पांढरे पदार्थ, त्यांत एकच द्रव ओतायचा, आणि एक तळाशी बसतो, दुसरा नितळ पाणी होऊन राहतो. असं का, हे तिने कधी कोणाला विचारलं नव्हतं. मावशी असताना विचारायचं नसतं आणि सर झाल्यावर विचारता येत नाही. तिने माइक उघडला. "नीलम, एक विचारू का? कॅल्शियमला का येत नाही?"

मुकुल म्हणाला, "म्हणजे, मॅडम, तुम्ही आम्हाला विचारताय की…"

"विचारतेय. मला माहीत नाही."

पलीकडे हंडा खाली ठेवल्याचा आवाज झाला. "थांबा, सांगते," नीलम म्हणाली आणि मग थांबली. "नाही. आधी तुम्ही सांगा, तुम्हाला काय वाटतं?"

विमला फोनकडे बघत बसली. हजारो नळ्यांच्या तळाचा साका तिने ब्रशने खरवडून धुऊन काढला होता, कुठला चटकन निघायचा, कुठला चिवट, ते बोटांना आठवत होतं. दाराशी धोंडिराम येऊन उभा राहिल्याचं तिला कळलं. एकशे एकाहत्तर जण वाट बघत होते. "थांब हं," ती म्हणाली, आणि विचार करू लागली.